जनवाड्याची ब्लँकेटं

हैदराबादच्या सरकारी शाळेतून मी विणकाम शिकून आले, तेव्हा बिदरमधल्या आमच्या आळीत पगारावर नोकरी करणारी दुसरी बाई नव्हती. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या सरकारनं जिल्ह्यात उद्योग उभे करायचं मनावर घेतलं होतं. मला जनवाड्याच्या लोकर केंद्रावर शिक्षिका म्हणून पाठवलं.

तिथले धनगर पिढ्यानपिढ्या घोंगड्या विणायचे. घोंगडी टिकाऊ, पण अंगाला टोचणारी; गिरणीची मऊ ब्लँकेटं आल्यापासून ती फारशी कोणी घेईना. सरकारनं शेड बांधली, रुंद माग बसवले, लोकर पिंजायचं यंत्र आणलं. आणि मुख्य म्हणजे शब्द दिला: चांगली ब्लँकेटं विणा, पहिली काही वर्षं सरकारी दवाखान्यांसाठी आम्ही घेऊ, पुढं गिऱ्हाईक तुम्ही शोधायचं.

पहिला माल तयार झाला. बघायला जिल्ह्याचे साहेब आले. मनानं फार चांगला माणूस. मी आदल्या दिवशी एक ब्लँकेट धुऊन पाहिलं होतं, ते आटून वेडंवाकडं झालं होतं. ते त्यांच्यापुढं ठेवलं.

"जाऊ द्या बाई," साहेब म्हणाले, "गरीब लोक आहेत. पास करून टाकू."

विणकरांचे म्होरके, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे, त्यांचा चेहरा खुलला. मी म्हणाले, "साहेब, पास करू नका."

"तुम्ही यांच्या बाजूच्या की नाही?"

"यांच्याच बाजूची आहे. आज हे घेतलंत तर हे असंच विणत राहतील. सरकारनं घेणं थांबवल्यावर उदगीरच्या बाजारात याला हात कोण लावील? त्यापेक्षा पुन्हा लोकर द्या, आणि विणलेलं धुऊन, दाबून काढायला शिकवील असा माणूस द्या."

साहेबांनी ते आटलेलं ब्लँकेट उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी माल परत केला, आणि मागितलेलं दोन्ही कबूल केलं.

ते गेल्यावर अप्पा माझ्याकडं वळले. "अक्का, आमच्या पोटावर पाय कामून द्यायलाव?"

 त्यानंतर शेडमध्ये माझ्याशी कामापुरतंच बोलणं उरलं. बायकांनी गप्पांत घेणंही सोडलं. माझं चुकलं का, हा प्रश्न मला जेवू देईना.

गाठ सोडवली ती अप्पांच्या सुनेनं. सासऱ्यापुढं कधी मान वर न करणारी ती बाई एक दिवस सूत काततानाच बोलली, "मामंजी, अक्का खोटं बोलंना. मी बी एक धुऊन बघितलं. आटतंय ते."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मग बसायलाव कामून? उकलून टाका ते सारं," म्हणाले.

हैदराबादहून धुणं-दाबणं शिकवणारा उस्ताद आला. त्याची दख्खनी उर्दू आणि अप्पांची कानडी-मराठी यांची रोज जुंपायची, पण हात एकमेकांचे बघून शिकत होते. दुसरा माल झाला तेव्हा अप्पांनी स्वतः ब्लँकेट भिजवून, वाळवून साहेबांच्या हातात दिलं. "आता परत करून दाखवा, साहेब!" साहेब मोठ्यानं हसले. माल सगळा पास झाला.

सरकारनं आपला शब्द पाळला, आणि मुदत संपल्यावर घेणं थांबवलं, तेही बोलल्याप्रमाणं. तोवर उदगीरचे व्यापारी आमच्या दारात येऊ लागले होते.

मग भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्यच मोडलं. आम्ही म्हैसूरकडं गेलो, उदगीर मुंबईकडं. कचेऱ्या बदलल्या, मदत अडकली. सरकारच्याच आधारावर चाललेल्या आसपासच्या एक-दोन केंद्रांना कुलूप लागलं. आमचे माग चालू राहिले.

नवे अधिकारी पाहणीला आले. त्यांनी कानडीत विचारलं, सरकारकडून काय हवं? अप्पांनी उत्तर कानडीत दिलं आणि माझ्याकडं बघून तेच मराठीतही सांगितलं, "सध्या कायबी न्हाई, साहेब. दुसरी शेड आमची आमीच बांधायलाव. जागा तेवढी दाखवा."

मी शेजारीच बसले होते. पुढं नोकरीत मला बढत्या मिळाल्या, कौतुकही झालं. पण त्या वाक्यानं ऊर जसा भरून आला, तसा पुन्हा कशानं भरून आला नाही.