आठ गाठी

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांचं नेटवर्क सांभाळता सांभाळता माझे केस पिकले. त्यामुळे आपल्याला फार कळतं, असा माझा समज होता. एका दुपारी तो पार खोटा ठरला.

एका कारखान्यात ऑफिसमधल्या सर्व्हरवरून टॉवेलची डिझाइनं शेडमधल्या स्विचकडे, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्याकडे, आणि तिथून मागांकडे जायची. महिनाभर ती अर्धवट पोचत होती. मोर विणला जायचा, पण मान नसायची. मालकांनी मला बोलावलं. मी सर्व्हरवरून स्विचला चाचणीची शंभर पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवली, शंभर पोचली. दोन्हीकडचे हिरवे दिवे चालू. बॅग आवरत मी म्हणालो, "नेटवर्क ठणठणीत आहे. डिझाइनची फाइल करणाऱ्याकडे बघा."

फाइल करणारी एक तेलुगू बाई होती, दोन मुलांची आई. तिचे वडील तिथेच जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चार दिवसांनी मालकांचा फोन आला. "तिला उद्यापासून येऊ नको म्हटलंय. आज पासवर्ड बदलून द्या."

गेलो. ती मान खाली घालून टेबल आवरत होती. सवयीने मी पुन्हा पॅकेट पाठवली, आणि पाहतच राहिलो. शंभरातली तीस गायब! वायरची स्विचवरची जागा बदलली, सर्व्हरचं कार्ड बदललं, तरी तेच. मग आठवलं. मागच्या वेळी मी जेवणाच्या सुट्टीत तपासलं होतं, कारण खडखडाटात माझं डोकं चालत नाही. तेव्हा माग बंद होते.

शिडी घेऊन शेडच्या भिंतीवरची वायर चाचपत निघालो. मध्यावर काळी चिकटपट्टी लागली. सोडवली आणि शिडीवरच थिजलो. उंदराने कुरतडलेली वायर कुणीतरी जोडली होती. आठही तारा सोलून, रंगाला रंग लावून, प्रत्येकीला सुताला मारतात तशी बारीक गाठ. माग सुरू झाले की भिंत थरथरायची, गाठी हलायच्या आणि पॅकेट गळायची.

"मामा, कुणी केलं हे?" खाली उतरून मी जॉबरमामांच्या कानात ओरडलो.

"मी की," ते सहज म्हणाले. "पोरीचं काम अडलं हुतं. दोरा तुटला की जोडायचा, बोंब मारायची न्हाय. जन्मभर तेच केलं आमी. का, चुकलं?"

मी सांगितलं. ते मटकन खाली बसले.

नवी वायर टाकली. माग चालू असताना शंभरच्या शंभर पॅकेट पोचली. मालकांना म्हटलं, पोरीची काही चूक नाही, वायर खराब होती आणि माझी तपासणी चुकली. तिची नोकरी राहिली. पण मालक म्हणाले, "लेखी द्या. वायरला कुणी हात लावला तेही लिहा."

मी लिहायला बसलो तशी ती टेबलाशी आली. "दादा, नायनांचं नाव लिहू नका," ती म्हणाली; वडिलांना ती नायना म्हणायची. "रिटायर व्हायला सहाच महिने राहिलेत त्यांचे."

"ताई, त्यांच्या गाठींपायी तुमची नोकरी जात होती."

"व्हय," ती म्हणाली. "त्यांनी मला मदत करायला गाठी मारल्या. तुमी तर बघितलं पण न्हाई."

माझे कान तापले. मी कागदावर उंदीर लिहिला, त्याखाली माझी चूक लिहिली आणि सही केली.