पांढरा हातमोजा

आटबाशी गावातल्या कुमिसच्या कारखान्यात यंत्र अडलं की सगळे एसेन्गुलला शोधायचे. घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या, सेन्सरला बाटली दिसली की वरून दट्ट्या खाली येऊन झाकण बसवायचा. सेन्सर साध्यातला होता. स्वतःच उजेड टाकायचा आणि बाटलीवरून परत आलेला उजेड टिपायचा. कुमिस पांढरंशुभ्र, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याची कधी चूक झाली नव्हती.

थोरला भाऊ कादिर घोड्यावरून पडून कमरेखाली कायमचा लुळा पडला, तेव्हा एसेन्गुलनेच शब्द टाकून वहिनीला, बुरुलला, या पट्ट्यावर लावलं होतं. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. दिराचं नाव घ्यायचं नाही अशी तिथली रीत, म्हणून ती त्याच्या लहानपणी त्याला ‘धाकटं शिंगरू’ म्हणायची, आणि आता त्याचे केस पिकले तरी कारखान्यात सगळ्यांदेखत तेच म्हणायची. बायका हसायच्या. तोही हसायचा.

त्या वसंतात मालक तालायने झऱ्याचं पाणी भरायला घेतलं. बाटली पारदर्शक, आत पाणीही पारदर्शक. उजेड आरपार निघून जायचा, परत काही यायचंच नाही. चारातल्या दोन बाटल्या झाकणाशिवाय पुढे जायला लागल्या.

एसेन्गुल मालकाकडे गेला. पट्ट्याच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा असे सेन्सर असतात, पण खोक्यांना ते ठीक, पाण्याच्या बाटलीला नाहीत, हे त्याने समजावलं. आपल्याला हवा तो समोर आरसा लावायचा. आरशावरून परतणारा उजेड बाटली आडवी आली की किंचित मंदावतो, तेवढंही तो ओळखतो. मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“शरदात मागवू,” तो म्हणाला. “तोवर आहे त्यालाच जरा तिखट कर.”

एसेन्गुलने स्क्रू फिरवून सेन्सर तिखट केला. आता तो जरासाही उजेड परतला तरी बाटली आहे असं धरू लागला. तरी काही बाटल्या सुटायच्याच. त्या पुढे गेल्यावर हाताने झाकण लावा, दट्ट्याखाली हात घालू नका, असं त्याने बायकांना बजावलं. पण आडव्या पडलेल्या बाटल्या उभ्या करायला म्हणून दट्ट्यापुढची संरक्षक जाळी केव्हाच काढून ठेवली होती, आणि मुकादम घाई करत मागे उभा असायचा.

तो बॉयलरपाशी होता. पट्टा एकाएकी थांबला, आणि बायकांचा आवाज आला नाही म्हणून तो धावला. बुरुलने पडलेली बाटली सावरायला हात घातला होता. हातात पांढरा हातमोजा होता. त्यावरून उजेड छान परतला, आणि दट्ट्या खाली आला.

नारिनच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. खर्च मालकाने केला. नवा सेन्सरही आठवड्यात आला. शरदापर्यंत थांबावं लागलं नाही. एसेन्गुलनेच तो बसवला, समोर आरसा लावला, जाळी परत ठोकली. एकही बाटली सुटली नाही. मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. एसेन्गुल हत्यारं पुसत राहिला.

संध्याकाळी तो भावाकडे गेला. कादिर भिंतीकडे तोंड करून पडला होता, वळला नाही. बुरुलने डाव्या हाताने चहा ओतला, थोडा सांडला. तळलेल्या पिठाच्या बोरसोकचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“वहिनी, मीच तो तिखट केला होता,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. मुकादमाने सगळ्यांना सांगितलंय.” ती सांडलेला चहा पुसू लागली. “घोडींच्या धारा आता सैराच काढते. पिळताना मला पकड धरवत नाही.”

सैरा तिची मुलगी, नुकतीच शाळा संपवलेली. त्याला वाटलं, वहिनीने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझी जागा रिकामी आहे ना अजून?” तिने विचारलं.

“आहे.”

“मग सैराला लावा. शब्द टाका मालकाकडे.”

“वहिनी, दुसरं काही बघू.”

“इथे दुसरं काय आहे, भावजी? तुम्हीच सांगा.”

धाकटं शिंगरू ती म्हणाली नाही. कप त्याच्या हातात तसाच निवत गेला.

सोमवारी सैरा आईचाच डोक्याचा रुमाल बांधून पट्ट्यावर आली. मुकादमाने तिला पांढरे हातमोजे दिले. एसेन्गुलने जाळी हलवून पाहिली, आरसा पुसला, पुन्हा जाळी हलवून पाहिली. मग बाटल्या भरायच्या यंत्राकडून कुणीतरी त्याला हाक मारली. जाणं भागच होतं.