मी वाचून दाखवलेला कागद

माझं शिक्षण तीन यत्ता. तेही उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात आमच्या शाळेत उर्दूच चालायची. मराठी अक्षर मी पुढं चाळिशीत शिकलो, हट्टानं शिकलो, आन आता हे कुणाला न विचारता लिहून राह्यलो. चुका असतील तर असू द्या. या गोष्टीत दोष माझा आहे. आपला दोष दुसऱ्याच्या हातानं लिहवून घेणं मला बराबर वाटलं न्हाई.

जालन्यात एका कापसाच्या जिनिंगच्या मागं पत्र्याचं शेड होतं. आत ऑइल इंजिन, वर लोखंडी दांडा, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली यायचे आन चार प्रेस चालायच्या. लढाईचे दिवस होते. पितळेच्या पत्र्यातून फौजेच्या कोटाची बटणं निघायची. प्रेस म्हणजे वर मणभर लोखंडाचा ठोकळा, खाली साचा. हातानं पितळेचा तुकडा साच्यावर ठेवायचा, पायाखालची दांडी दाबायची, ठोकळा खाली येतो, बटण तयार. दांडी दाबायच्या आत हात बाहेर पायजे. दिवसभर हेच. हात आत, हात बाहेर.

माझ्या डाव्या बाजूच्या प्रेसवर एक मुसलमान गडी होता. त्याला सगळे मियाँ म्हणायचे, मीही. माझ्याच वयाचा, अंगानं किरकोळ, पण हात असा चालायचा की बघत राहावं. घरी बायको, दोन पोरी, म्हातारी आई. त्याचा भाऊ हैदराबादला नोकरीला होता. भावाचं पत्र आलं की मियाँ ते घेऊन माझ्याकडं यायचा. "मास्तर, पढो जरा." शेडमधे सगळे मला मास्तर म्हणायचे, कारण तिथं अक्षर ओळखणारा मी एकटा.

आता खरं सांगतो. दुकानाच्या पाट्या, स्टेशनावरचं नाव, एवढं मला वाचता यायचं. पत्राचा वरचा सलाम आन खालची दुआ पाठ झाल्ती. मधल्या ओळीत दोन-चार शब्द लागायचे. बाकीचं मी माणसाचा स्वभाव बघून जुळवायचो. भाऊ बरा आहे, आईची आठवण काढतो, पाऊस कमी आहे. मियाँ खूश होऊन जायचा. यात कुणाचं काय गेलं, असं मी मनाशी म्हणायचो. वाचता येत न्हाई असं म्हणणं मला मरणासारखं होतं.

मंग एकदा कारखान्यांचा इन्स्पेक्टर आला. मशिनीला हात वाचवायचं काहीच साधन न्हाई हे बघून त्यानं आमच्या मालकावर, शेठवर, जुर्माना लावला आन सांगितलं, पुढच्या खेपेला असंच दिसलं तर शेडला सील लावीन. शेठ घाबरला. त्यानं मोच्याकडून चामड्याच्या वाद्या करून आणल्या. दोन्ही मनगटांत एकेक वादी अडकवायची, वादीची दोरी मागून वर जाऊन ठोकळ्याला बांधलेली. ठोकळा खाली यायला लागला की दोरी ओढली जाते आन हात आपोआप मागं येतात. माणूस विसरला तरी वादी विसरत न्हाई.

चीज चांगली होती. आज मी हे म्हणतो. त्या दिवशी मात्र वाद्या बघून शेडमधे हसू फुटलं.

"मास्तर, आपल्याला दावणीला बांधलं का वो?"

"आता कडबा कधी टाकता, शेठ?"

मियाँनं दोन्ही मनगटं वर केली आन म्हणला, "मेरी बीवी देखी तो बोलेगी, ये काम मेरेकू पैले कायकू नै सूझा!"

दोन दिवस सगळ्यांनी वाद्या घातल्या. दर ठोक्याला हात मागं हिसकला जायचा, खांदे भरून यायचे. ज्याचा हात आखूड त्याला दोरी लांब पडायची, लांब हातवाल्याला आखूड. तिसऱ्या दिवशी मी वाद्या काढल्या आन खिळ्याला अडकवल्या. म्हणलं, "पोळ्याला बैलाचं बी दावं सुटतं. मी माणूस हाये. माझा हात मला कळतो." दुपारपर्यंत चारही प्रेसच्या वाद्या खिळ्यावर गेल्त्या. मियाँची सगळ्यात शेवटी गेली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, तव्हा त्यानं काढली.

शेठनं बघितलं. बघून पुढं गेला. वाद्या न्हवत्या तव्हा माल जास्त निघायचा, हे त्यालाही दिसत होतं. पण आठ दिवसांनी त्यानं एक उर्दू कागद आणला. खाली अंगठ्यांसाठी जागा सोडलेली. मला बोलावून म्हणला, "तू शिकलेला हाये. सगळ्यांना वाचून दाखव आन अंगठे घे."

सगळे हात पुसत गोळा झाले. मी कागद हातात घेतला. कचेरीतल्या वकिली उर्दूत लिहिलेला, एकेक शब्द बोटभर लांब. मला 'हुकूम' लागला. 'जुर्माना' लागला. 'मशीन' लागलं. बाकी काळ्या मुंग्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले होते आन शेठ तिथंच उभा होता. मी घसा साफ केला आन म्हणलो, "लिहिलंय की साहेब येईल तव्हा वाद्या बांधायच्या, न्हाई तर जुर्माना. बस."

"बस इत्ताच?" मियाँ म्हणला. "इत्ता लंबा कागद हाय."

"सरकारी कागद लांबच असतो. वर अर्ध्यात तर निजामसरकारचीच तारीफ हाये."

सगळे हसले. मियाँही हसला आन पुढं होऊन पहिला अंगठा त्यानं लावला.

त्यात काय होतं ते मला नंतर कळलं. जो गडी स्वतः वाद्या काढील, त्याच्या दुखापतीला तोच जबाबदार. मालकाकडं त्याला काही मागता येणार न्हाई, काम देणंही मालकावर बंधनकारक न्हाई. शेठनं तव्हा मला टोकलं न्हाई. मी चुकीचं वाचतो हे त्याला कळत होतं का, हे मला आजपर्यंत ठाऊक न्हाई.

मियाँच्या प्रेसची स्प्रिंग ढिली झाल्ती. एकदा दांडी दाबली की क्वचित ठोकळा दोनदा खाली यायचा. हे त्यानं शेठला सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. एका सकाळी ठोकळा खाली येऊन वर गेला, मियाँनं बटण उचलायला हात आत घातला, आन ठोकळा पुन्हा आला. तो ओरडला न्हाई. मला आवाजातला फरक तेवढा कळला. पितळेवर पडायचा आवाज वेगळा असतो. मी वळून बघितलं तर तो उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता, आन मला म्हणत होता, "मास्तर, इंजिन बंद करो. इंजिन बंद करो." चार बोटं गेल्ती. अंगठा राह्यला.

मी धोतर फाडून हात बांधला. मी आन एक हमाल त्याला उचलून दवाखान्याकडं निघालो. दारातून मी मागं बघितलं. शेठ भरभर खिळ्यावरच्या वाद्या काढून उरलेल्या माणसांच्या मनगटात अडकवत होता.

चौकशीला पुन्हा तोच इन्स्पेक्टर आला. उंच, शेरवानी, आवाज मऊ. मियाँ दवाखान्यातून आल्ता, हात फडक्यात, तोंड उतरलेलं. त्याचं मागणं एकच होतं. मला शेडमधे ठेवा. दारावर बसवा, माल मोजायला लावा, झाडू द्या, पण घरी पाठवू नका. इन्स्पेक्टर म्हणला, मालकाचा कसूर निघाला तर मालकाला हलकं काम द्यावंच लागेल, मी तसं लिहीन. मियाँच्या तोंडावर जरा रंग आला.

तव्हा शेठनं तो कागद काढला. "साहेब, सगळ्यांना समजावून अंगठे घेतलेत. हा शिकलेला माणूस, यानंच वाचून दाखवला."

इन्स्पेक्टरनं कागद वाचला. तो मोठ्यानं वाचून राह्यला होता, आन एकेक ओळ माझ्या डोक्यावर पडत होती. मंग माझ्याकडं वळून त्यानं उर्दूत विचारलं, "आप पढे-लिखे हैं?"

"जी साब."

"ये कागज आपने सबको पढके सुनाया था? लफ्ज-ब-लफ्ज? जो लिखा है वही?"

सगळे उभे होते. तीन वर्षं मला मास्तर म्हणणारी माणसं. न्हाई म्हणायला एक शब्द लागतो. मला वाचता आलं न्हाई साहेब, मी मनानं सांगितलं. एवढं म्हणलो असतो तर त्या अंगठ्यांना काही अर्थ राह्यला नसता. इन्स्पेक्टर वाट बघत होता. माझ्या मते त्याला तेच ऐकायचं होतं. मी मियाँकडं बघितलं न्हाई.

"जी साब," मी म्हणलो. "लफ्ज-ब-लफ्ज."

मागून कुणीतरी चुळबुळ केली, पण बोललं कुणीच न्हाई. त्यांना वाटलं असेल की मास्तर म्हणतो तर तसंच असेल, आपणच ऐकायला चुकलो. इन्स्पेक्टरनं लिहून घेतलं. वाद्या खिळ्यावर टांगू दिल्या म्हणून शेठवर जुर्माना लागला. तो त्यानं भरला आन दुसऱ्या दिवसापासून शेड चालू. मियाँच्या जागी नवा गडी आला.

महिनाभरानं, शुक्रवारची नमाज करून, मियाँ माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. डाव्या हातानं कुडत्याच्या खिशातून पाकीट काढलं. "सरकार से आया. मास्तर, पढो."

मला वाटलं, पुन्हा जुळवावं. अर्ज चालू आहे, धीर धर, असं काहीतरी. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याचा तो हात माझ्या समोर मांडीवर होता. मी वाचायला लागलो. अक्षराला अक्षर लावून, बोट ठेवून, पहिलीतलं पोर वाचतं तसं. एका ओळीला मला केवढा वेळ लागला. अडखळलो की मागं जायचो. शब्द लागला न्हाई तर त्याची अक्षरं सुटी करून म्हणायचो. मियाँ आधी कागदाकडं बघत होता. मंग माझ्या बोटाकडं बघायला लागला. मंग माझ्या तोंडाकडं.

लिहिलं होतं की इत्तिला, म्हणजे शेठची ती सूचना, मजदुरांना त्यांच्याच एका शिकलेल्या साथीदारानं वाचून समजावली होती, तरी मजदुरानं आपल्या मर्जीनं वाद्या काढल्या, म्हणून मालकावर त्याची काही जबाबदारी राहत न्हाई.

वाचून झालं. मियाँनं विचारलं,

"वो कागद बी ऐसाइच पढे थे क्या?"

"न्हाई," मी म्हणलो. "तो मी वाचलाच न्हाई."

"और भाई के खत?"

मी मान खाली घातली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणला, "मैं कागद देखके थोडी अंगठा लगाया. तुमकू देखके लगाया."

मी म्हणलो, "मियाँ, उद्याच इन्स्पेक्टरकडं जाऊ. मी त्याला सगळं सांगतो."

"साब कू बाद में बोलो. पैले शेड में बोलो, सबके सामने. बोलते?"

माझ्या तोंडून हो निघालं न्हाई. त्यानं कागदाची घडी डाव्या हातानं, गुडघ्यावर दाबून केली. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणला, "नक्को." गेला.

सहा महिने मी रोज शेडमधे गेलो आन रोज ठरवलं की आज सांगायचं. ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी काही विशेष घडलं न्हवतं. दुपारच्या भाकरीच्या वेळेला मी उभा राह्यलो आन सगळं सांगितलं. नव्या गड्याला तर मियाँ कोण हेच ठाऊक न्हवतं. एक जुना माणूस चटणी चाटत म्हणला, "तव्हाच सांगायला पायजे होतं, मास्तर." शेठकडं गेलो तर तो म्हणला की प्रकरण मिटलंय आन आता बोलशील तर खोटी साक्ष दिली म्हणून तूच आत जाशील. हैदराबादला मी दोन अर्ज दुसऱ्याकडून लिहवून पाठवले. उत्तर आलं न्हाई. ते काम मी सोडलं, पण सोडून कुणाचं काय भलं झालं?

मियाँ तोवर घरदार घेऊन बायकोच्या माहेरी शहागडला गेल्ता. मी मोटरीनं तिथं गेलो. गोदावरीच्या उतारावर, जिथं लोक नावेची वाट बघत बसायचे, तिथं तो चटईवर फुटाणे घेऊन बसला होता. डाव्या हातानं माप भरायचा आन उजव्या पंज्यानं, राह्यलेल्या अंगठ्यानं, कागदाचा पुडा छातीला दाबून धरायचा. भरताना थोडे सांडायचे. थोरली पोरगी सांडलेले वेचायची.

मी म्हणलो, "मियाँ, शेडमधे सगळ्यांसमोर सांगितलं. अर्ज बी केले."

त्यानं मला पाणी दिलं. मी पिईपर्यंत थांबला. "अच्छा किये," म्हणला, आन समोर उभ्या राह्यलेल्या गिऱ्हाइकाकडं वळला.

जालन्याची मोटर सुटायला दोन तास होते. मी तिथंच, त्याच्या मागं, दगडावर बसून राह्यलो. त्यानं मला जा म्हणलं न्हाई, आन मागं वळूनही बघितलं न्हाई.