खांडबाऱ्याचं झाड

लहानपणीचं खांडबारा स्टेशन मी टेबलावर उभं करत होतो. छोटा रूळ, प्लायवूडचा फलाट, पुठ्ठ्याची तिकीटखिडकी झाली. राहिलं फक्त कडुलिंबाचं झाड. मला आठवत होतं, ते खिडकीजवळ होतं; त्याच्या सावलीत आम्ही गाडीची वाट बघत बसायचो.

आई म्हणाली, "नही रे, ते रूळना पल्याड व्हतं."

खात्री करायला मी खांडबाऱ्याला गेलो. तिथं आता फलाटच नवा झालाय. इथलं कडुलिंबाचं झाड नेमकं कुठं होतं, असं म्हाताऱ्या चहावाल्याला विचारलं.

"आठे झाड कधी व्हतं, भाऊ?" त्यानं मलाच विचारलं.

घरी येऊन सांगितलं, तशी आई विचारात पडली. "मंग ती सावली कसानी व्हती?"

सावली कशाची, ते मीही आठवून पाहिलं. शेवटी झाड खिडकीजवळच चिकटवलं. टेबलावरची गाडी सोडली की अजूनही वाटतं, चुकलंच.