डोमा मामाजींचा गंधार

दुपारचे अडीच वाजलेत, सादरीकरण पाचला आहे, आणि मी तालीमखोलीत पेटीवर डोकं टेकून पडले आहे. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावलंय. डोळे मिटतात, तरी खिडकीतल्या कबुतरांची खुडबुड ऐकू येत राहते, म्हणजे मी अजून जागी आहे. मग ती खुडबुड तालात यायला लागते. म्हणजे झोपले.

शेजारी डोमा मामाजी बसलेले असतात. माझ्या आईचे थोरले भाऊ. आमच्या वडशाकडे, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांत, त्यांनी तीस वर्षं ऑर्गन वाजवला. मी शिकायला नागपूरला आले त्याच वर्षी, धानाच्या कापणीत, ते गेले. गेलेल्या माणसाला बघून खरं तर घाबरायला हवं, पण मला आधी रागच येतो. इतके दिवस कुठे होतात, परीक्षा आज आहे, असं मी त्यांना सुनावते. ते नेहमीसारखे मान खाली घालून हसतात.

मग मी सगळं गाऱ्हाणं ओतते. नाट्यशास्त्र हा माझा मुख्य विषय, त्याच्या जोडीला मी भांडून संगीतरचना घेतली. दोन डगरींवर पाय ठेवतेस, असं विभागात सगळ्यांनी ऐकवून झालं. आज दोन्हीकडचे परीक्षक एकत्र बसून मी लिहिलेला आणि मीच चाल लावलेला प्रवेश बघणार आहेत. दोघांनीही मान डोलावली तर दोन्ही विषय राहतील, नाहीतर पुढच्या सत्रात एक सोडायचा. नाटकाच्या मॅडम म्हणतात, तुझं गाणं आलं की नाटक थांबतं. संगीताच्या सरांना गाण्याआधीचा आठ मात्रांचा तुकडा आवडतो, बाकी फारसं काही नाही. प्रवेश तसा साधाच आहे. मुलगी शिकायला घर सोडून निघते. आई दारात उभी राहून म्हणते, "जा तू. दार मी लावणार नाही." आणि गाणं सुरू होतं.

मामाजी म्हणतात, "वाजव."

मी हात ठेवते तर समोर पेटी नाही, मामाजींचा पायांनी भाता मारायचा ऑर्गन आहे. कापणी झालेल्या धानाच्या शेतात, बांधीत, रंगमंच उभा राहिलाय आणि त्याच्यापुढे वादकांसाठी खणलेल्या खड्ड्यात आम्ही बसलोय. टळटळीत ऊन आहे. आमच्याकडे नाटकं रात्री होतात हे मला पक्कं माहीत आहे, तरी उन्हाचं काहीच वाटत नाही. धानाच्या धसकटांत कॉलेजचे बाक मांडलेत आणि दोन्ही परीक्षक डोक्यावर दुपट्टा घेऊन गुणपत्रिका सांभाळत बसलेत. वर आईच्या भूमिकेत माझी मैत्रीण समीक्षा उभी आहे. ती वाक्य बोलते आणि मी माझा तुकडा वाजवते. महिनाभर घासलाय तो, माझा जीव आहे त्याच्यावर.

मामाजी माझ्या बोटांकडे बघतही नाहीत, समीक्षाच्या पायांकडे बघतात. हा त्यांचा जुना नेम. बोलणारा माणूस वजन कुठल्या पायावर टाकतोय त्यावरून गाणं जवळ आल्याचं त्यांना कळायचं.

"हे आठ मात्रे वाजते तवा वर उभी हाये ते पोरगी काय करते?"

"सूर आयकते."

"मंग माय कुठं गेली?"

समीक्षा पेटीकडे कान लावून थांबते, सूर सापडला की खूश होते, आणि तोवर दारातली आई निघून गेलेली असते. मॅडम हेच सांगत होत्या आणि मी महिनाभर त्यांच्यावर चिडत होते. तरी मी हेका सोडत नाही. सर त्याच तुकड्यावर मार्क देतील, असं मी सांगून बघते. मामाजी खड्ड्याच्या पायऱ्या चढायला लागतात, आणि वरची पायरी आमच्या वडशाच्या घराची असते.

दारात माझी आई आहे, माझ्या हातात बॅग. ही मी नागपूरला निघाले ती सकाळ. नाटकातलं वाक्य तिचंच आहे, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मामाजी ओसरीवर ऑर्गनला बसतात. आई तोंड उघडायच्या आधीच एक बारीक सूर तिच्या पायाशी येऊन थांबतो.

"जा तू. दार मी लावत नाई."

तिचा आवाज एकेक शब्दाने उतरत येतो आणि शेवटच्या शब्दाला त्या सुरावर टेकतो. कोमल गंधार. आणि मी गाणं चढवून ठेवलं होतं पार वरच्या षड्जावर.

"मानूस बोलते तवाच गात रायते, यामू," मामाजी म्हणतात. "आपन फक्त पट्टी धराची."

मला इतका आनंद होतो की डोळ्यांत पाणी येतं. दोन विषय फक्त वेळापत्रकात होते, आमच्या दारात एकच होता.

मामाजी खिसे चाचपतात. हात मोकळे राहावेत म्हणून पट्टीच्या फटीत काहीतरी खोचून सूर धरून ठेवायची त्यांची सवय. ते कागद मागतात. मी वहीचं एक पान फाडून देते, कुठलं ते न बघताच. पाच वाजता याल ना, असं विचारते.

"काहाले? मी खड्ड्यात बसनारा मानूस. तू त वर हायेस."

कुणीतरी दार ढकलतं आणि मी पेटीवरून डोकं उचलते. समीक्षा आली आहे. साडेतीन झाले, आणि तू झोपा काढतेस, म्हणून ती वैतागली आहे. मी तिला सांगते, आठ मात्रा गेल्या, तू नुसती बोल आणि बोलता बोलता गा. सूर कुठून घेऊ, असं ती विचारते. मी भाता हलवते आणि पट्टीला बोट न लावताच सूर वाजायला लागतो. कोमल गंधाराची पट्टी खाली दबलेली आहे. तिच्या फटीत कागदाची घडी आहे.

समीक्षा बोलते. "लावणार नाही" त्या सुरावर येऊन टेकतं, आणि तिथूनच, श्वासही न घेता, ती गायला लागते. ती पेटीकडे एकदाही बघत नाही. दाराकडे बघते. माझ्या अंगावर काटा येतो आणि मी मोठ्याने हसते.

गाणं संपल्यावर मी घडी उलगडते. माझ्याच अक्षरात आठ मात्रांचा तो तुकडा आहे. मी ती पुन्हा तशीच दुमडून पट्टीत खोचते आणि पेटी उचलते.