नव्वद मिलिलिटर

दापोड्याच्या तेलाच्या गोदामात मी चौदा वर्षं एकच काम करतोय, लिटरचे किलो करायचे. ऑर्डर लिटरमध्ये येते, ट्रकवाल्याला वजन किलोत लागतं. लिटरभर तेल म्हणजे नऊशे दहा ग्रॅम. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बायको म्हणते, मला या गोष्टीचा जरा जास्तच गर्व होता. होता.

आईचं हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की दिवसाला एक लिटरच पाणी द्या, जास्त झालं तर छातीत साठेल. घरात मापाचं भांडं नव्हतं, पण बेसन मोजायचा छोटा वजनकाटा होता. मी त्यावर रिकामा तांब्या ठेवला, काटा शून्यावर आणला, पाणी ओतलं आणि लिटर झाल्यावर बायकोच्या नेलपेंटनं तांब्याच्या आत लाल रेघ मारली. रोज सकाळी रेघेपर्यंत भरायचं आणि ते दिवसभर पुरवायचं.

आईला ते संध्याकाळपर्यंतही पुरायचं नाही. ऐन उन्हाळा, वर गळ्याला कोरड. ती तांब्या हलवून बघायची.

"घोटभर दे रं. जीभ टाळूला चिकटली हाय."

"आजचं संपलं, आई."

"मलापन तेलावानी मोजतोस काय रं?" म्हणून ती हसायची. मी मात्र चिडायचो. तिच्या भल्यासाठीच करतोय, तिला कळत कसं नाही, असं वाटायचं. शेवटच्या संध्याकाळीही तिनं घोटभरच मागितलं. मी नाही म्हणालो. पहाटे ती गेली. मग तोंडात पाणी घातलं, ते मात्र न मोजता.

तेराव्याला बहीण आली. तिनं पाण्याची लिटरची बाटली फोडली आणि समोर दिसला त्या तांब्यात सगळी ओतली. पाणी लाल रेघेच्या चांगलं बोटभर वर गेलं. मी बघतच राहिलो. रेघ मारली त्या दिवशी काटा नऊशे दहावर आला आणि माझा हात थांबला होता. लिटर म्हटलं की मला तोच आकडा आठवतो. पाण्याचा लिटर हजार ग्रॅम भरतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

चार महिने मी आईला रोज नव्वद मिलिलिटर कमी दिलं. डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, त्यानं त्या गेल्या नाहीत, मनाला लावून घेऊ नका. ती त्यानं गेली नाही, हे मलाही कळतं. पण ती तहानलेली गेली, आणि ते पाणी तिच्या वाट्याचं होतं.

परवा मी तेवढं पाणी पेल्यात मोजून घेतलं आणि हळूहळू प्यायलो. चार घोट झाले. तिनं एकच मागितला होता.