एकपदरी तंबूची गळती

त्या वर्षी माझी देवपूजा बंद पडली नव्हती, पण तिच्यात मी नव्हते. हात फुले वाहत, ओठ नाव घेत, आणि कान मात्र मागच्या खोलीत असत. तिथे माझे यजमान उशांना टेकून बसलेले असत आणि त्यांच्या छातीतून भाता चालवल्यासारखा आवाज येई. मूल गावच्या एका राइस मिलमध्ये यांनी सारा जन्म मुनिमी केली. कोंड्याची धूळ आयुष्यभर नाकातोंडात गेली, त्यात मुळातला दमा. डॉक्टरांनी सांगितले, धूळ टाळा, धूर टाळा, गार वारा टाळा. जे टाळता येणार नव्हते ते त्यांनी बोलून दाखवले नाही, पण त्यांच्या तोंडावर मी ते वाचले.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला. मी झोपले आणि नेमका तेव्हाच यांचा श्वास थांबला तर? ही एकच भीती. मी कान लावून आहे म्हणूनच तो चालू आहे, असे मला वाटू लागले होते. देवाला रोज सांगत होते, यांच्याकडे बघ रे बाबा, पण बघायचे काम त्याच्यावर टाकायची माझी तयारी नव्हती. लोक देव पाण्यात घालून बसतात. मी देवाला बाजूला सारून स्वतःच बसले होते.

अशात माघ सरत आला आणि एका सकाळी हे म्हणाले, "यंदा मार्कंड्याले जाऊन येऊ."

मार्कंडा म्हणजे आमच्याकडचे वैनगंगेकाठचे महादेवाचे ठाणे. शिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. हे लहानपणी बैलबंडीत बसून जात, आणि सारे कुटुंब जत्रा उठेपर्यंत नदीच्या रेतीतच मुक्काम करी. त्या रेतीतल्या झोपेच्या गोष्टी लग्न झाल्यापासून मी ऐकत आले होते. पण त्या दिवशी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अंगणातल्या तुळशीपर्यंत जाववत नाई तुमच्याच्यानं, अन् निंगाले मार्कंड्याले!"

"म्हणूनच म्हणून राह्यलो," हे शांतपणे म्हणाले.

अडचण मुक्कामाची होती. धर्मशाळेत चुलींचा धूर, उघड्यावर दव. तेव्हा मला माळ्यावरचे ते गाठोडे आठवले. पराग हा माझ्या नणंदेचा मुलगा, अमेरिकेत नोकरीला. आदल्या हिवाळ्यात तो हिमालयात भटकून आमच्याकडे आला आणि परत जाताना सामान जड झाले म्हणून एक पिशवी ठेवून गेला. "मामी, हा तंबू आहे," तो म्हणाला होता. "नेहमीच्या तंबूला दोन पदर असतात, आत एक, बाहेर एक. याला एकच, म्हणून इतका हलका." मी हातात घेऊन पाहिला तर दोन पातळांएवढेही वजन नव्हते. कापड करडे, सुळसुळीत, उजेडात धरले की पलीकडची बोटे दिसत. असल्या कापडाचा माणसाला काय आडोसा, असे मनात आले होते.

मूलहून गडचिरोली, तिथून चामोर्शी आणि पुढे जत्रेची एसटी. यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा वेळूच्या काठीवर. ती काठी मला बघवत नसे, कारण ती घरात आली त्या दिवसापासून यांचे चालणे कमीच होत गेले होते. धुरापासून दूर म्हणून आम्ही जत्रेच्या टोकाला गेलो. तिथे डांगरवाडी होती, म्हणजे रेतीत लावलेले खरबूज-टरबुजांचे वेल. वेल अजून वीतभरच होते. त्यांच्या कडेला पोत्यावर यांना बसवून मी पिशवी उघडली. तंबू निघाला, दोऱ्या निघाल्या, बोटाएवढ्या खुंट्या निघाल्या. दांडा मात्र कुठेच नाही.

मी पिशवी उलटी करून झटकली. मग मी परागचा उद्धार सुरू केला. एवढा शिकलेला पोरगा आणि तंबूचाच दांडा विसरला! त्याच्या आईपर्यंत पोचले तेव्हा हे हसायला लागले. कित्येक महिन्यांनी हसत होते, खोकत होते आणि पुन्हा हसत होते. पिशवीवर एक लहानसे चित्र शिवलेले होते. त्यात तंबू होता आणि तंबूच्या आत मधोमध एक काठी. ते चित्र मी घरीच पाहिले होते आणि तंबूतला माणूस म्हातारा असावा, त्याची काठी त्याने आत ठेवली असावी, असे समजले होते.

"दांडा नसतेच याले," हे म्हणाले. "चालाची काठीच उभी करा लागते." आणि त्यांनी आपली काठी माझ्यापुढे धरली.

"मंग तुम्ही चालान कायनं?"

"चालून कुठी जाचं आहे मले? आलो नं इथवर."

ते इतक्या सहज म्हणाले की काठी घ्यायला मी हात पुढे केला नाही. पण ऊन उतरत होते. मी काठी घेतली, कापडात खुपसली आणि उभी केली, तर सारा तंबू माझ्याच डोक्यावर येऊन बसला. वेलांना पाणी घालणारी एक बाई हे सारे बघत होती. माझ्याच वयाची असेल, काष्टा घातलेली, हातात डबडे. हसू दाबत ती जवळ आली. दोघींनी मिळून आधी कोपरे ताणले. खुंट्या रेतीतून सारख्या निसटत होत्या, तेव्हा तिने हाताने खड्डे उकरले, दोरी बांधलेल्या खुंट्या त्यांत आडव्या टाकल्या आणि वरून रेती दाबली. "इथी उभी खुंटी नाई टिकत, बाई. निजवा लागते तिले." शेवटी काठी आत घातली. ती रेतीत रुतत होती. मी जत्रेतून नारळाची करवंटी उचलून आणली, तिच्यावर काठी टेकवली आणि मग ते करडे कापड चारी बाजूंनी ताठ उभे राहिले. खरे सांगते, नवे घर बांधल्यासारखा आनंद झाला.

संध्याकाळी आम्ही आत गेलो. दोघे जेमतेम मावत होतो. मधे काठी उभी, तिच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला मी. गार वारा लागू नये म्हणून मी तंबूची चेन खालपर्यंत ओढली आणि खालच्या फटीतही लुगडे कोंबले. बाहेर पेट्रोमॅक्सचे दिवे लागले होते. त्यांचा उजेड कापडातून गाळून आत येत होता. जाणारी-येणारी माणसे भिंतीवरून सावल्या होऊन सरकत होती. घंटा, भजन, डोंग्यातून नदी ओलांडून उतरणाऱ्यांच्या हाका, सारे पाण्याखालून ऐकावे तसे वाटत होते. मी कुठे आहे, कोणत्या वर्षात आहे, याचे भान सुटत चालले. हे लहानपणचे काहीबाही सांगत होते आणि मध्येच थांबून श्वास घेत होते. मी नेहमीप्रमाणे कान लावला. आणि मग, कसे ते मला अजून सांगता येत नाही, कान सुटला.

जागी झाले ती कपाळावर थेंब पडला म्हणून. फटफटीत व्हायला आले होते. सगळीकडे दुधासारखा उजेड, वर काही तरी पाझरते आहे, दूर घंटा वाजते आहे. मी गाभाऱ्यात आहे असेच मला वाटले. दुसरा थेंब ओठावर पडला. बराच वेळ मी त्या सुखात पडून होते. मग एकदम लक्षात आले की मी झोपले होते. पूर्ण झोपले होते. पलीकडून भात्याचा आवाज येत नव्हता.

मान वळवायला मला धीर होईना. काठीच्या पलीकडे बघायचे, एवढेच काम होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, चेन सरकली आणि डांगरवाडीतली बाई डोकावली. तिच्या हातात काळ्या चहाने भरलेला छोटा गंज होता. तिने वर पाहिले, आमच्याकडे पाहिले, गंज रेतीत ठेवला आणि हात जोडले.

"गळती लागली नं बाई, तुमच्याइथी!"

माझा जीव टांगणीला लागलेला, आणि तरी पहिला शब्द गेला तो रागाचाच. "गळते कसा? नवा आहे तंबू!"

"तशी गळती नाई म्हणून राह्यली ती," पलीकडून आवाज आला. "पिंडीवरची गळती."

हे बोलत होते. उताणे पडून, डोळे उघडे, छातीवर थेंब पडत असलेले, आणि श्वास इतका संथ की तो माझ्या ओळखीचाच नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि मी लहान मुलीसारखी रडले. ती बाई आपल्या परीने बरोबरच बोलली होती. महादेवाच्या पिंडीवर तळाला भोक असलेले भांडे टांगतात, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहते, त्यालाही आपण गळतीच म्हणतो. माझ्या मनात फक्त फुटक्या छपराची गळती होती.

चहा घेताना मी म्हटले, "पण पाऊस नाई, पाणी नाई, मंग हे आलं कुठून?"

यांनी कापडावरून बोट फिरवले. बोटामागे ओली रेघ उमटली. "ताडपत्रीखाली धान झाकून ठेवलं का घामते नं, तसं. तू काल समदं बंद करून टाकलं. हा आपला श्वास होये. तुहा अन् माहा. जाले जागा भेटली नाई, तं वरतं जाऊन बसला."

मी वर बघत राहिले. साऱ्या छताला मोत्यांसारखे थेंब लटकले होते. महिनोन् महिने ज्या श्वासावर मी पहारा देत होते, तो मी झोपलेली असताना एकही वाया न जाता तिथे वर गोळा झाला होता. मी कान काढून घेतला तरी तो थांबला नव्हता. जागणारे दुसरे कोणी तरी होते. याला कोणी योगायोग म्हणेल, कोणी गार हवेचा परिणाम म्हणेल. मी वाद घालणार नाही. मला त्या सकाळी जे मिळाले ते मिळाले.

हे देवळात गेलेच नाहीत. "काठी काढली तं घर पडते," असे म्हणून हसले, "अन् दर्शन तं निजल्या निजल्या झालं." मी एकटी जाऊन आले. पिंडीवर गळती चालू होती. यांच्यासाठी आयुष्य मागायचे घरून ठरवून निघाले होते, पण तिथे उभी राहिले आणि मागणे आठवेना. जत्रा उठेपर्यंत आम्ही त्या तंबूत राहिलो. पुढे शहाणपण आले. वाऱ्याच्या बाजूची फट मोकळी ठेवू लागलो, सकाळी कापड उलटे करून डांगरवाडीच्या कुडावर वाळवू लागलो. तरी चार थेंब पडायचेच, आणि ते पडले नाहीत तर यांना चुकल्यासारखे होई.

घरी परतल्यावर मी झोपू लागले. यांचा दमा काही गेला नाही. पावसाळा संपता संपता, धानाला लोंब्या धरत असताना, हे गेले. मी शेजारीच होते, आणि झोपलेली होते. लोकांना वाटले, या गोष्टीचा मी जन्मभर सल धरीन. तो सल मला नाही. पण दुसरेच काही झाले. माझे सारे बंद पडले. जेवत होते, बोलत होते, पण ज्याच्यासाठी कान लावायचा ते उरले नव्हते, आणि आपण स्वतः अजून आहोत याकडे माझे लक्षच गेले नाही.

पुढच्या माघात मी पिशवी उचलली, कोपऱ्यातली वेळूची काठी घेतली आणि मार्कंड्याला गेले. मुले नको म्हणाली. मी ऐकले नाही, हे सांगायला नकोच. डांगरवाडीत तीच बाई होती. तिने माझे कपाळ पाहिले आणि लगेच वाकून खड्डे उकरू लागली. खुंट्या निजवल्या, करवंटी ठेवली, काठी उभी केली. यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली मूठ वर, अगदी शेंड्याला आली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम चेन खालपर्यंत ओढली आणि फटीत लुगडे कोंबले. मनात वेडी आशा होती असे म्हणा. एवढ्या जागेत यांचा एखादा श्वास राहिला असेल.

पहाटे कपाळावर थेंब पडला. डोळे उघडले तर सारे छत भरलेले होते. माझ्या बाजूला, आणि काठीपलीकडच्या यांच्या मोकळ्या बाजूलाही. क्षणभर ती आशा खरीच वाटली. मग कळले. यांचा कसला? आत मी एकटीच होते. तो माझाच होता. यांच्यावर पहारा देत होते तेव्हा, हे गेले तेव्हा, आणि नंतरच्या त्या साऱ्या मेल्या महिन्यांत, मी एकदाही न विचारता तो चालूच राहिला होता, आणि ज्याने यांचा सांभाळला त्यानेच माझाही सांभाळला होता.

चेन सरकली. बाई चहाचा गंज घेऊन डोकावली आणि तिने वर पाहिले.

"गळती लागली नं, बाई?"

"हो," मी म्हटले, "लागली." आणि तोंड न पुसता तशीच पडून राहिले.